डोक्याचा मार आणि रेफर चिठ्ठीतली एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रक्ताच्या थेंबावरून मेंदूचा मार कळणार, स्कॅनची गरज नाही’ अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. त्या अर्धवट आहेत. उसाच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला दुचाकी मागून धडकण्याचा धोका सोलापूर जिल्ह्यात नेहमीचाच, म्हणून उरलेला अर्धा भाग सांगणे भाग आहे.

या चाचणीत रक्तातली दोन प्रथिने मोजतात. जीएफएपी हे मेंदूतल्या आधारपेशींमधून येते, यूसीएच-एल१ हे चेतापेशींमधून. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१८ मध्ये अशा पहिल्या चाचणीला मान्यता दिली, ती मार लागल्यापासून १२ तासांच्या आत करायची. २०२४ मध्ये मान्यता मिळालेली चाचणी रुग्णाच्या खाटेजवळ सुमारे १५ मिनिटांत उत्तर देते आणि २४ तासांपर्यंत चालते. त्यासाठीही रक्त शिरेतूनच काढावे लागते, बोट टोचून भागत नाही. दोन्ही चाचण्या फक्त प्रौढांसाठी आणि ग्लासगो स्कोअर (शुद्धीचे ३ ते १५ गुणांचे माप; गुण जितके कमी तितकी बेशुद्धी खोल) १३ ते १५ असलेल्यांसाठीच आहेत. दोन्ही प्रथिने कमी असली तर सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसण्याची शक्यता फार कमी, म्हणून स्कॅन टाळता येतो. जास्त असली तर स्कॅन करावाच लागतो, कारण रक्त कुठे साचले, किती साचले, कवटी उघडायची का, हे रक्तचाचणी सांगत नाही. स्कोअर ८ असलेल्या रुग्णासाठी या अहवालाची वाट पाहणे म्हणजे वेळेची नासाडी.

याच कामासाठी युरोपात काही ठिकाणी वापरले जाणारे एस१००बी हे प्रथिन चरबीतही असते. दुचाकीवरून पडलेल्याच्या मांडीचे हाड मोडले असेल, तर मेंदू सुखरूप असूनही ते वाढते.

उलट बाजूही पाहा. सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणजे मेंदूला काहीच झाले नाही, असे नव्हे. चेतातंतू ताणले-तुटले असतील तर ते बहुधा एमआरआयमध्येच दिसतात. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ‘सौम्य, मध्यम, गंभीर’ ही वर्गवारी अपुरी ठरवून लक्षणे, रक्तचाचणी, प्रतिमा आणि रुग्णाची पार्श्वभूमी असे चार आधार सुचवले, त्यामागे हीच अडचण आहे.

आपल्याकडे मात्र पहिल्याच आधाराची आबाळ होते. तालुक्याहून मोठ्या रुग्णालयात पाठवताना दिलेल्या चिठ्ठीवर ‘अपघात, बेशुद्ध’ एवढेच असले, तर पुढच्या डॉक्टरने काय समजायचे? बेशुद्ध किती, कधीपासून? ग्लासगो स्कोअर १९७४ पासून आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत: डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. बेरीज एकटी लिहू नये, तिन्ही आकडे वेगळे लिहावेत, शेजारी वेळ टाकावी. अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. स्कोअर २ ने घसरला, तर पहिला स्कॅन चांगला असला तरी दुसरा काढावा. कानशिलाच्या हाडाखालची रोहिणी फुटली, तर माणूस कधीकधी आधी नीट बोलतो, चहाही मागतो, आणि काही तासांत गप्प होतो.

दारूचा वास आला की ‘प्यायलाय, उतरेल’ म्हणणे ही आणखी एक घातक सवय. आधी साखर तपासा, स्कोअर लिहा. गुंगी मारामुळेच आहे असे धरून चाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला रुग्ण, ६५ वर्षांवरचा, दोनदा उलटी झालेला किंवा फिट आलेला, यांचा स्कॅन लांबवू नये. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन तर देऊच नये: २००४ च्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू वाढले होते.

महागडे यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर जिल्ह्यातल्या प्रत्येक रेफर चिठ्ठीवर पाच रकाने छापून घ्यावेत: मार लागल्याची वेळ, तिन्ही आकडे, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांचा आकार, चालू गोळ्या, आणि दिलेली औषधे वेळेसह.

आपला,
एक वाचक, सोलापूर