सोळा दिवसांची सत्ता

मा. संपादक,

रोमचा विषय निघाला की सगळे सीझरवरच थांबतात, पण मला प्राचीन रोमचा नेता सिनसिनाटस जास्त जवळचा वाटतो. मुलाच्या जामिनापायी घरदार विकलं गेलेलं, त्यामुळे माजी कॉन्सल (रोमचा निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी) असूनही हा माणूस टायबर नदीपलीकडे जेमतेम अडीच एकरात राबत होता. रोमन लोक सांगायचे की इ.स.पू. 458 मध्ये सिनेटची माणसं थेट शेतावर आली, तर याने बायकोला, रासिलियाला, झोपडीतून टोगा (रोमन नागरिकांचा औपचारिक पोशाख) आणायला सांगितला, अंगावरची धूळ-घाम पुसला आणि मगच निरोप ऐकला: संकटकाळापुरता सर्वाधिकारी, म्हणजे डिक्टेटर, म्हणून त्याची नेमणूक झाली होती. त्याने शेजारच्या एक्वी टोळीने वेढलेलं रोमन सैन्य सोडवलं आणि सहा महिन्यांची सत्ता सोळाव्या दिवशी सोडली, केवढी मोठी गोष्ट! फक्त सामान्य प्लेबियनांच्या मागण्यांना त्याचा कडक विरोध होता, ते मात्र मला खटकतं.

– एक वाचक