जहाजावरील प्रवास आणि कपड्यांची निगा

महोदय,

मुंबईहून सुटणाऱ्या पर्यटन जहाजांवर मराठवाड्यातील कुटुंबेही हौसेने जाऊ लागली आहेत; परंतु आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर खोलीत स्वतःची इस्त्री वापरण्यास मनाई असते, हे सहल कंपन्यांनी आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगावे, ही विनंती. सुती सदरे गुंडाळून भरावेत आणि पोहोचताच, गरम पाण्याने अंघोळ करताना, न्हाणीघरात टांगावेत. वाफेच्या ओलाव्याने कापसाचे तंतू सैल होऊन सुरकुत्या बऱ्याच उतरतात. पैठणीला मात्र ही वाफ मुळीच लागू देऊ नये, कारण रेशमावर पाण्याचे डाग पडतात आणि जरीचा काठ काळवंडू शकतो. मलमलीत गुंडाळलेली पैठणी, घडीत मऊ सुती कापड घालून, बॅगेत सर्वांत वर ठेवावी.

एक वाचक, पैठण (जि. छत्रपती संभाजीनगर)