'बहिरा' बाहेरून आला नाही

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला 'बहिरा' या शब्दावरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी 'बहिरा'चे नाते थेट 'बाहेर'शी जुळवून टाकले आहे. बोलण्याच्या बाहेर राहिला तो बहिरा! कल्पना छान, पण आधार? संस्कृत 'बधिर', प्राकृत 'बहिर', मराठी 'बहिरा'. दधीचे दही झाले, गोधूमाचा गहू झाला, तसाच इथे 'ध'चा 'ह' झाला. जुने वैयाकरण 'बधिर' हा 'बंध्' धातूवरून साधतात, म्हणजे ज्याचे कान बांधले गेले तो. ऋग्वेदातही बधिर कान भेटतात. आणि बहिरी ससाण्याला या पंगतीत कशाला बसवले? ते नाव समुद्र या अर्थाच्या अरबी 'बह्र'वरून आले. त्या पाखराचे कान शाबूत आहेत.

आमच्याकडे 'भैरा' म्हणतात. वडिलांची उमेद गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खडखडाटात गेली, तिथले बरेच जण भैरेच. 'भैरा शे का?', म्हणजे बहिरा आहेस का, असे कुणी विचारले तर वडील हसतात. राग आला तो त्यांचा बहिरेपणाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा. कान तपासायला आलेल्यांची नावे शिपाई दारातून तोंडी पुकारत होता, हे एक. आत लेखनिकाने रकान्यात बिनदिक्कत 'मूकबधिर' लिहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलचा श्रवणऱ्हास असलेला तो बधिर, ६० ते ७० मधल्याला ऐकू कमी येते, आणि वाचादोष हा प्रकार निराळा. वडिलांनी चष्मा लावून कागद वाचला आणि साचाखात्यातल्या आवाजात विचारले, "मी मुका शे का रे?" 'मूक' ही दोन अक्षरे खोडून घ्यायला हेलपाटे मात्र मला पडले. साहेब नेहमी जेवायला गेलेले. या जोडशब्दावर लेखात एक ओळ नाही!

आता आपल्याविषयी. त्याच अंकात पहिल्या पानावर मथळा: 'बहिऱ्या प्रशासनाला जाग कधी?' अहो, प्रशासनाला सगळे ऐकू येते. त्यासाठी मराठीत 'कानाडोळा' हा चांगला शब्द आहे, तो वापरावा. माझ्या वडिलांना त्यांच्या रांगेत बसवू नये.

जाता जाता, शब्दकोड्याचे उत्तर 'उद्याच्या अंकात' म्हणता आणि छापत नाही. वडील दुसऱ्या दिवशी अंक उलटासुलटा करतात आणि बोलणी मला बसतात.

आपली,
एक वाचक, धुळे