सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जंगलातल्या पाच-सहा दिवसांच्या ट्रेकवर लेख आला होता, आवडला, सामानाची यादी तर मी कापूनच ठेवलीये. पण सॅकमध्ये काय भरायचं हे जेवढं सविस्तर सांगितलंय त्याच्या पाव भागसुद्धा सोबत चालणाऱ्या माणसांबद्दल नाही, आणि अशा ट्रेकला आपण बरेचदा ज्यांचं आडनावही माहीत नाही अशा लोकांबरोबर जातो, म्हणून माझा अनुभव लिहितो.

आम्ही नऊ जण होतो, सगळे पाठीवर सॅक घेऊन एकेकटे आलेले. पहिले दोन दिवस मजेत गेले. मी आणि अजून दोघं फास्ट चालणारे, त्यामुळे आम्ही कायम पुढे. ओढ्यापाशी पोचायचं, सॅक टाकायची, पाय पसरून पंधरा मिनिटं बसायचं, आणि मागचे धापा टाकत आले की "चला, आले सगळे" म्हणून उठायचं. म्हणजे ज्याला आरामाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आराम नाही! हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, उलट मागच्यांमुळे लेट होतंय म्हणून मी कुरकुरत होतो, आज लिहितानाही लाज वाटते.

आमच्या लीडरचा वेळेचा हिशोब अजून वेगळा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा एक नियम आहे, ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. मोकळ्या डोंगरात ठीक आहे हो, पण दाट जंगलात चिखल, मुळं, आडवी पडलेली झाडं, तिथे तासाला एक किलोमीटर झाला तरी खूप झालं. त्या हिशोबाने आम्ही रोज "लेट"च असायचो आणि रोज घाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी थांबलो तर आठच जण. जी मुलगी मागे राहिली होती तिचे पाय आदल्या दिवसापासूनच खराब झाले होते, सतत ओल्या मोज्यांत राहून तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, टाचेला भेगा, पण अनोळखी लोकांत कसं सांगायचं म्हणून गप्प बसली. (कितीही ओले झालात तरी झोपायच्या मोज्यांची एक जोडी कोरडी ठेवायची, ती घालून चालायचं नाही, सकाळी परत ओलेच मोजे चढवायचे, नको वाटतं पण पाय वाचतात.) एकटी पडली आणि जनावरांच्या वाटेला आपली वाट समजून आत शिरली. जंगलात अशा वाटा अगदी पायवाटेसारख्या दिसतात, थोडं पुढे गेलं की झुडपात संपतात. आम्ही हाका मारत होतो पण पानांत आवाज विरतो आणि जवळ ओढा असला तर काहीच कळत नाही. तिने मात्र शहाणपणा केला, वाट संपली तिथेच बसली आणि थांबून थांबून शिट्टी वाजवत राहिली, आणि शिट्टीच्या अंदाजाने आम्ही पाऊण तासाने पोचलो. ती भटकत पुढे गेली असती तर हे पत्र वेगळं असतं.

चौथ्या दिवशी आमच्यातल्याच एका वयस्कर काकांनी सूत्रं हातात घेतली. तिला सगळ्यात पुढे ठेवलं, तिची निम्मी सॅक आम्हा तिघांत वाटली, मला सगळ्यात शेवटी टाकलं आणि प्रत्येकाने मागचा माणूस दिसला पाहिजे एवढंच बघायचं. फाट्यावर मागचा आल्याशिवाय हलायचं नाही. मला वाटलं आता रात्र होणार, आणि आम्ही कॅम्पला आदल्या दिवसापेक्षा दीड तास लवकर! कारण थांबून वाट बघण्यात वेळच गेला नाही. मागे राहून मलाही पहिल्यांदा जंगल दिसलं, तोवर मी फक्त स्वतःचे बूट बघत होतो.

जाता जाता, लेखात पाण्यात क्लोरीनची गोळी टाकली की झालं असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याला दाद देत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळायचं, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

लेखाच्या शेवटी "पुढील भागात तंबू आणि स्लीपिंग बॅग" असं छापलंय. त्याच्या आधी पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला दमा आहे, कोण किती चालू शकतं हे विचारून घ्यावं, एवढं लेखकाला लिहायला सांगा. आम्ही त्या संध्याकाळी कोणाचा कॅमेरा भारी यावर तासभर बोललो होतो.

आपला,
एक नियमित वाचक