ऑनलाइन अंक चालवायचा तर आधी संपादक घडवा

संपादक महोदय,

छापील वार्षिक नियतकालिक वर्षअखेरच्या धावपळीत निघून जाते. आता अनेक महाविद्यालये ऑनलाइन अंक काढतात आणि तो दर आठवड्याला भरावा लागतो. विद्यार्थ्यांची जमवाजमव मात्र जुन्याच पद्धतीने होते. जुलैत फलकावर सूचना लागते, चाळीसेक नावे येतात आणि दिवाळीनंतर पाच-सहाच जण उरतात. मुले आळशी म्हणून गळत नाहीत. दिलेला लेख तीन-तीन आठवडे कुणी वाचत नाही, म्हणून गळतात.

विद्यार्थी-संपादक अभ्यास सांभाळून आठवड्याला दोन-तीन लेखच नीट पाहू शकतो. प्रत्येक लेखकाचा पंधरवड्याला एक लेख धरला, तर त्याच्याकडे 5 लेखक पुरेत. सहावा घेण्याआधी दुसरा संपादक हवा.

निवड निबंधाच्या गुणांवर करू नये. वसतिगृहाचे पाणी, एसटीचा पास असा जवळचा विषय द्यावा. 250 शब्द, दोघांशी प्रत्यक्ष बोलणे, मुदत 4 दिवस. नावे आणि आकडे पडताळलेत का, एवढे बघावे. भाषा पुढे सुधारते, पण विचारायला जाण्याची सवय मुळात असावी लागते.

लेख 48 तासांत शेऱ्यांसह परत जावा. शेरे तीनच : माहिती कुठे अपुरी, कोणता परिच्छेद वर न्यायचा, कोणते वाक्य कळत नाही. शुद्धलेखन शेवटच्या वाचनात. घाईत संपादकच लेख नव्याने लिहून काढतो; अंक वेळेवर निघतो, पण लेखक पुढच्या वेळीही कच्चाच मजकूर देतो. मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा, जुन्या फॉन्टमधला संकेतस्थळावर वाचताच येत नाही. मोबाइलवर टंकताना 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते, कारण तिथे साध्या 'र'ऐवजी 'ऱ' निवडावा लागतो. हे पहिल्याच बैठकीत दाखवावे.

सर्वांत मोठी पडझड मार्चनंतर होते. तृतीय वर्षाची मुले जातात आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही जातो. संकेतस्थळाचे खाते एखाद्याच्या खासगी ईमेलवर असते, ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो, नूतनीकरणाची सूचना कुणी पाहत नाही आणि संकेतस्थळ बंद पडते. खाते महाविद्यालयाच्या ईमेलवर असावे आणि दोन प्राध्यापकांच्या हाती असावे. डिसेंबरपासून प्रत्येक पदाला द्वितीय वर्षाचा जोडीदार द्यावा. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र निघाले, म्हणून त्या दिवशी आपण पत्रकार दिन पाळतो. सूत्रे त्याच दिवशी सोपवावीत. त्यानंतरचे दोन महिने नव्यांनी अंक काढावा, जुन्यांनी फक्त शेजारी बसावे. परीक्षेच्या काळासाठी शिळे न होणारे चार लेख आधीच तयार ठेवावेत.

राज्याच्या नव्या पदवी रचनेत एनएसएस, एनसीसी, क्रीडा अशा सहअभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. वर्षभर अंक चालवणाऱ्या मुलांच्या कामालाही विद्यापीठांनी तसेच श्रेयांक द्यावेत आणि मार्गदर्शक प्राध्यापकाच्या कार्यभारात आठवड्याचे दोन तास धरावेत, ही आमची मागणी आहे.

आपले,
महाविद्यालयीन ऑनलाइन अंकांचे काम पाहणारे काही प्राध्यापक