लस टाळणारे अडाणी नव्हेत

लस टाळणारे पालक अडाणीच, असा सूर असलेला आपल्या अंकातील लेख पटला नाही. टोचून घेतल्यावर बाळाला आलेला ताप आईला स्वतःचा दोष वाटतो, तर लस न दिल्याने झालेला गोवर नशिबाच्या खात्यावर जातो. करण्यापेक्षा न करणे निर्धोक मानण्याचा हा कल सुशिक्षितांतही (आम्हा निवृत्त शिक्षकांतही) आढळतो. त्यातच पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेल्याने साताऱ्यातील तरुण आईबापांना तो आजार ठाऊक नाही, दिसतो तो केवळ ताप. तेव्हा त्यांना हिणवण्याऐवजी, ताप का येतो व साधारण किती दिवस राहतो, हे टोचण्यापूर्वीच आशाताईंनी निवांत समजावून सांगावे.

— एक वाचक, सातारा