गर्दच्या कायद्यात उपचाराचं कलम आहे, ते आई-बापांना सांगतं कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली दर दोन दिवसांनी पेपरात एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) पकडल्याची बातमी असते, टेबलावर पाकिटं मांडलेली, मागे पोलीस आणि तोंडावर फडकं बांधलेली पोरं. ते फोटो बघितले की मला आमच्या लालबागच्या चाळीतला एक मुलगा आठवतो. १९८७ साल असेल. गिरणी संपानंतर बाप घरी बसलेला, आई डबे करून द्यायची आणि हा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी सरळ करून त्यावर गर्द (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) ठेवायचा, खालून काडी लावायची आणि नोटेची नळी करून धूर ओढायचा. चाळीतले पितळी नळ गायब व्हायला लागले तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. चार पुड्यांसकट पोलिसांनी उचलला. त्याची आई माझा हात धरून म्हणाली, "अगं तो आजारी आहे गं, त्याला कोर्टात कशाला नेतायत?" काय उत्तर देणार होते मी?

तेव्हा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, नवीन होता. राजीव गांधींच्या सरकारने ऑगस्ट १९८५ मधे विधेयक आणलं, सप्टेंबरमधे सही पण झाली, महिनाही लागला नाही, आणि १४ नोव्हेंबरपासून लागू. मूळ मात्र १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यात गांजा-चरस बंद करायला २५ वर्षांची मुदत होती आणि ती संपत आली होती. त्याआधी काही राज्यांत गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायचा. इंग्रजांनी सुद्धा १८९३ मधे कमिशन नेमून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि बंदी नको, परवाना आणि कर ठेवा असं सांगितलं. भांगेची पानं मात्र आजही या कायद्यात येत नाहीत, कारण होळीला आणि महाशिवरात्रीला हात कोण लावणार.

मी गांजाची वकिली करत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की विकणारा आणि ओढणारा यांना जवळपास एकाच फूटपट्टीने मोजलं. गर्दच्या केसमधे माल स्वतःसाठी होता हे आरोपीनेच सिद्ध करायचं, नाही जमलं तर कमीत कमी १० वर्षं आणि १ लाख दंड. डबे करणाऱ्या बाईने ते कसं सिद्ध करायचं? १९८९ मधे तर जामीनही अवघड केला आणि मोठ्या मालात दुसऱ्यांदा सापडला तर फाशीच, ती सक्ती आपल्या मुंबई हायकोर्टाने २०११ मधे काढली. थोडा माल आणि धंद्याचा माल असा सरळ फरक यायला २००१ उजाडलं, म्हणजे आता हेरॉइन ५ ग्रामपर्यंत थोडं आणि २५० ग्रामच्या वर धंद्याचं. आमचा चाळीतला मुलगा तोवर राहिला नव्हता. तीन वर्षं आत काढून सुटला आणि आठवड्याभरात परत त्याच टाकीमागे.

याच काळात, १९८६ ला, पुण्यात अवचट पती-पत्नींनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलंनी पैसे दिले. म्हणजे व्यसन हा आजार आहे हे आपल्याकडे तेव्हाच माहीत होतं, आणि खरं तर कायद्याला पण माहीत आहे. कलम ६४ए सांगतं की व्यसनी माणसाकडे थोडाच माल सापडला आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ खाली कोर्ट शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. मागच्या वर्षी माझ्या नात्यातला एक कॉलेजचा मुलगा दीड ग्राम एमडीसकट सापडला (२ ग्रामपर्यंत थोडा माल धरतात), घरच्यांनी दागिने मोडून वकील केला आणि चार महिन्यांत या कलमाचं नाव त्यांना कुणी सांगितलं नाही, ना पोलिसांनी ना वकिलाने. मीच कुठेतरी वाचलेलं म्हणून विचारलं, तर त्याचे वडील माझ्याकडे नुसते बघत राहिले.

म्हणून माझी विनंती पोलिसांना आहे तशी तुम्हालाही आहे. पोलीस ठाण्यात या दोन कलमांचा बोर्ड मराठीत लावा, अटकेच्या वेळी घरच्यांना वाचून दाखवा. आणि तुम्ही अशी बातमी छापाल तेव्हा खाली छोटी चौकट द्या, कलम ६४ए, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र आणि सरकारची हेल्पलाइन १४४४६. आरोपीच्या फोटोपेक्षा जास्त जागा लागणार नाही.

– एक वाचक, डोंबिवली